वकिलाला द्यायला पैसे नाहीत? मालवण किनाऱ्यावर मोफत वकील कुणाला आणि कसा मिळतो, समजून घ्या

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. पण पायरी चढायची की नाही, हे दर वेळी आपल्या हातात नसतं. समोरचा दावा लावतो, पोलीस घेऊन जातात, नवरा घराबाहेर काढतो, नाहीतर भाऊ एक कागद पुढे सरकवतो आणि म्हणतो, "इथे सही कर, बाकी आम्ही बघतो."

मालवण, देवबाग, तारकर्ली, आचरा या पट्ट्यात हा शेवटचा प्रसंग चांगलाच ओळखीचा आहे. एके काळी माडाखालच्या वाळूच्या तुकड्याला कुणी विचारत नव्हतं. मग पर्यटन वाढलं, होम-स्टे आले, ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचं विमानतळ सुरू झालं. त्याच वाळूला भाव आला. पण सातबारा उघडला की त्यावर वीस-वीस सहहिस्सेदारांची नावं. निम्मे मुंबईत, काही वारलेले, आणि बहिणी लग्न होऊन दुसऱ्या गावी. जमीन विकायची तर ही नावं कमी करावी लागतात. त्यासाठीचा कागद म्हणजे हक्कसोडपत्र.

बहिणीला वाटतं, काहीतरी चुकतंय. पण विचारायचं कुणाला? वकील करायचा म्हणजे फी आली, मालवण किंवा ओरोसच्या खेपा आल्या, एक दिवसाची मजुरी बुडाली. "वकील करूक पैशे खंय आसत?" इतक्यावर विषय संपतो आणि सही होते.

कायद्यात मात्र या प्रश्नाचं उत्तर १९८७ पासून लिहिलेलं आहे. तिला वकील सरकारी खर्चाने मिळतो. तिचं उत्पन्न किती आहे, हेही विचारलं जात नाही, कारण ती बाई आहे.

हे नेमकं कसं चालतं, कुणाला मिळतं आणि कुठे अडतं, ते सविस्तर बघू.

मोफत वकील म्हणजे नेमका कोण?

"फुकटचा वकील" म्हटलं की सगळे एकाच माळेत ओवले जातात. प्रत्यक्षात त्यात चार वेगवेगळी माणसं आहेत.

पहिला, पॅनेलवरचा वकील. हा आपली नेहमीची वकिली करणाराच असतो. त्याने विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीत नाव दिलेलं असतं. तुमची केस त्याच्याकडे आली की त्याचं मानधन प्राधिकरण देतं. तुम्ही एक रुपयाही द्यायचा नसतो.

दुसरा, बचाव पक्षाचा पूर्णवेळ वकील. २०२२ पासून देशातल्या शेकडो जिल्ह्यांत 'लीगल एड डिफेन्स कौन्सिल' नावाची व्यवस्था सुरू झाली. सरकारी वकील जसा सरकारची बाजू मांडतो, तसा हा आरोपीची बाजू मांडतो. त्याला खासगी केसेस घेता येत नाहीत. हा फक्त फौजदारी प्रकरणांसाठी असतो.

तिसरा, खरा स्वयंसेवक वकील, म्हणजे कुणाकडूनच पैसे न घेणारा. गावोगावच्या कायदेविषयक शिबिरांत बोलणारे, कुणाची नोटीस वाचून चार ओळींचं उत्तर लिहून देणारे वकील या प्रकारात येतात. केंद्र सरकारने २०१७ मध्ये 'न्याय बंधू' हा उपक्रम सुरू केला. त्यात असे वकील नाव नोंदवतात आणि गरजू माणसाला ॲपवरून त्यांच्याशी जोडून दिलं जातं.

चौथा वकील नाही, पण अनेकदा सगळ्यात आधी तोच भेटतो. विधी स्वयंसेवक, म्हणजेच पीएलव्ही. शिक्षक, अंगणवाडी सेविका, निवृत्त कर्मचारी, कायद्याचे विद्यार्थी यांना थोडं प्रशिक्षण देऊन हे काम दिलं जातं. ते कोर्टात उभे राहत नाहीत. अर्ज लिहून देणं, कुठे जायचं ते सांगणं, घाबरलेल्या माणसासोबत कचेरीपर्यंत जाणं हे त्यांचं काम.

बार कौन्सिलच्या नियमांमध्ये गरिबाला विनामूल्य मदत करणं हे वकिलाचं एक मोठं कर्तव्य म्हणून सांगितलेलं आहे. आणि गंमत अशी, की त्याच नियमांनुसार वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही. म्हणजे मालवणातला एखादा वकील वर्षानुवर्षं गरिबांच्या केसेस मोफत चालवत असेल, तरी तो तसा बोर्ड लावू शकत नाही किंवा रील टाकून गिऱ्हाईक बोलावू शकत नाही. म्हणून ही माहिती पसरवण्याचं काम सरकारी यंत्रणेवर आणि लोकांवरच पडतं.

कुणाला हक्क आहे?

विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये यादी दिलेली आहे. ही यादी पाठ असण्याची गरज नाही, पण एकदा वाचून ठेवावी अशी आहे:

- कोणतीही महिला किंवा लहान मूल
- अनुसूचित जाती किंवा अनुसूचित जमातीची व्यक्ती
- दिव्यांग व्यक्ती
- मानवी तस्करी किंवा वेठबिगारीला बळी पडलेली व्यक्ती
- मोठी आपत्ती, पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार किंवा औद्योगिक दुर्घटना यांत सापडलेली व्यक्ती
- औद्योगिक कामगार
- पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात असलेली व्यक्ती
- ज्यांचं वार्षिक उत्पन्न ठरवलेल्या मर्यादेच्या आत आहे अशी कोणतीही व्यक्ती

महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणांसाठी ती ५ लाख आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. उत्पन्नाची अट फक्त शेवटच्या गटाला आहे. वरच्या सातही गटांना ती लागत नाही. मालवणच्या बाजारात टोपली घेऊन बसणारी मासळीवाली आणि सरकारी नोकरीत असलेली बाई, दोघींना हा हक्क सारखाच आहे. नवऱ्याची कमाई किती, घर कुणाच्या नावावर, हेही विचारायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, हा वकील फक्त कोर्टापुरता नसतो. कायद्यात 'विधी सेवा' या शब्दाची व्याख्या मोठी आहे. कोर्टाबरोबरच दुसऱ्या कोणत्याही प्राधिकाऱ्यासमोर किंवा न्यायाधिकरणासमोर चालणारं प्रकरण, आणि नुसता कायदेशीर सल्लाही त्यात येतो. कोकणात अर्धी भांडणं तहसीलदार आणि प्रांतांच्या कचेरीत चालतात. त्यामुळे ही व्याख्या इथल्या माणसाच्या फार कामाची आहे.

मालवण किनाऱ्यावर याचा उपयोग कुठे होतो?

*बहिणीचा हिस्सा.* सुरुवातीच्या हक्कसोडपत्राकडे परत येऊ. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात बदल झाला आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत का, यावर बरीच वर्षं वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला: वडील त्या दिवशी हयात असणं गरजेचं नाही. इतर धर्मीयांना त्यांचा त्यांचा वारसा कायदा लागू होतो. वकील मात्र सगळ्यांनाच मोफत मिळतो.

आता हक्कसोडपत्रावर सही करणं बेकायदा आहे का? अजिबात नाही. बहिणीला मनापासून हिस्सा सोडायचा असेल तर ती सोडू शकते. पण दुय्यम निबंधकांकडे नोंदणी झालेला हा कागद नंतर रद्द करणं फार अवघड असतं. फसवून सही घेतली असं म्हणायचं असेल, तर फसवणूक कळल्यापासून साधारण तीन वर्षांत दावा लावावा लागतो आणि फसवणूक सिद्ध करावी लागते. म्हणून सल्ला घ्यायची खरी वेळ सहीच्या आधीची आहे. तो सल्ला मोफत मिळतो, आणि त्यासाठी भावावर केस करावी लागत नाही. कागद वाचून "यात तुमचं काय काय जातंय" हे सांगायला वकिलाला अर्धा तास पुरतो.

सही केली नाही आणि भावाने परस्पर व्यवहार सुरू केला, तर वाटपाचा दावा आणि मनाई हुकूम हे मार्ग आहेत. त्यासाठीही वकील आणि कोर्ट फी, दोन्हींचा भार प्राधिकरण उचलतं. तोपर्यंत एक काम घरबसल्या करता येतं. 'महाभूलेख'वर आपल्या जमिनीचा सातबारा मोबाईलवर बघता येतो. आपलं नाव आहे का, नवीन फेरफार पडलाय का, हे अधूनमधून तपासत राहा. तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस आली तर मुदतीत लेखी हरकत घ्या.

*घरातली मारहाण आणि पोटगी.* कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा. त्याच्या कलम ५ प्रमाणे बाई तक्रार घेऊन आली की तिला मोफत वकील मिळतो हे सांगणं, ही पोलीस आणि संरक्षण अधिकारी यांची कायदेशीर जबाबदारी आहे. त्यांनी सांगितलं नाही तर तुम्ही विचारा. राहत्या घरातून बाहेर न काढण्याचा आदेश, खर्चाची रक्कम, मुलांचा ताबा हे सगळं एकाच अर्जात मागता येतं.

*समुद्रातली भांडणं.* पारंपरिक मच्छीमार एका बाजूला आणि पर्ससीन व एलईडी लावून होणारी मासेमारी दुसऱ्या बाजूला, हा मालवणचा जुना संघर्ष आहे. रापणकरांच्या पोटावर येणारा हा प्रश्न कधी आंदोलनापर्यंत, कधी थेट हाणामारीपर्यंत जातो. मग दोन वेगळ्या गोष्टी घडतात. एक, सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ खाली नौकेवर कारवाई होते. दोन, माणसांवर फौजदारी गुन्हे दाखल होतात. दुसऱ्यात अटक झाली, की कोठडीतला प्रत्येक जण मोफत वकिलाला पात्र ठरतो. तो पारंपरिक मच्छीमार आहे की ट्रॉलरवरचा परप्रांतीय खलाशी, याने फरक पडत नाही. त्या खलाशाला तर इथली भाषाही येत नसते आणि ओळखीचा माणूसही नसतो. त्याच्यासाठी ही तरतूद म्हणजे एकमेव आधार असू शकतो.

*वादळानंतरची कागदपत्रं.* मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गेलं. देवगड, मालवण, वेंगुर्ला पट्ट्यात घरं, बागा आणि होड्यांचं नुकसान झालं. अशा वेळी पंचनाम्यात नाव सुटणं, घर एकाच्या नावावर आणि राहणारा दुसरा असणं, होडीची कागदपत्रं अपुरी असणं अशा अडचणी येतात. आपत्तीग्रस्त माणूस कलम १२ मध्ये स्वतंत्रपणे बसतो. भरपाईसाठी अर्ज, अपील, विम्याचा दावा यासाठी तो मदत मागू शकतो.

*गावी एकटे राहिलेले आईवडील.* मुलं मुंबईला, म्हातारी माणसं गावात, हे चित्र सिंधुदुर्गात घरोघरी आहे. मुलं बघत नसतील तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्त्यासाठी साधा अर्ज करता येतो. तो अर्ज लिहून द्यायला विधी स्वयंसेवक पुरेसा असतो.

ही सोय आली कुठून?

गरिबाला वकील देण्याची कल्पना सरकारच्या आधी स्वयंसेवकांना सुचली. १९२४ साली मुंबईत 'बॉम्बे लीगल एड सोसायटी' स्थापन झाली. भारतातल्या अशा सुरुवातीच्या प्रयत्नांत तिचं नाव घेतलं जातं. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली या विषयावर समिती नेमली. तेव्हा मालवण मुंबई प्रांताच्या रत्नागिरी जिल्ह्यात होतं. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी.

याच भगवतींचे चिरंजीव म्हणजे न्यायमूर्ती पी. एन. भगवती. वडिलांनी ज्या विषयावर अहवाल दिला, तो विषय पुढे मुलाने निकालांतून देशभर नेला. १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात कलम ३९-अ आलं. पैशाअभावी कुणीही न्यायापासून वंचित राहू नये यासाठी राज्याने मोफत कायदेशीर मदत द्यावी, असं ते सांगतं. १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला. शिक्षा झाली असती तरी इतकी वर्षं भोगावी लागली नसती, इतका काळ काही जण आत होते. तिथे भगवतींनी मोफत वकिलाला थेट कलम २१ शी, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काशी जोडलं.

महाराष्ट्राचाही यात मोठा वाटा आहे. मे १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात १५ महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. फेब्रुवारी १९८३ च्या निकालाने काही गोष्टी ठरवून दिल्या: महिलांसाठी वेगळी कोठडी, चौकशीवेळी महिला पोलीस, कोठडीत मराठीतही हक्कांची माहिती, आणि अटक होताच जवळच्या विधी सहाय्य समितीला पोलिसांनी कळवणं.

१९८६ मध्ये सुक दास खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. आरोपीने स्वतःहून वकील मागितला नाही, म्हणून त्याचा हक्क जात नाही, असं सांगून त्याची शिक्षाच रद्द केली. कारण साधं होतं. ज्याला हक्क माहीतच नाही तो मागणार कसा?

हे तत्त्व कुणासाठीही मोडायचं नाही, हे कसाबच्या निकालाने दाखवलं. २६/११ च्या खटल्यातल्या ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम ठेवली. पण त्याच निकालात सांगितलं, की आरोपीला पहिल्यांदा समोर आणल्यावर वकिलाचा आणि पैसे नसतील तर मोफत वकिलाचा हक्क समजावून सांगणं हे प्रत्येक दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. त्यात कसूर झाली तर दंडाधिकाऱ्यावर खात्यांतर्गत कारवाई होऊ शकते.

मधल्या काळात १९८७ चा कायदा मंजूर झाला, पण तो लागू व्हायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. म्हणून ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन.

अर्ज कसा करायचा?

यंत्रणा खालून वर अशी आहे: तालुका विधी सेवा समिती, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, राज्य प्राधिकरण आणि दिल्लीतलं राष्ट्रीय प्राधिकरण, म्हणजे नालसा. तालुका समितीचे अध्यक्ष तिथले ज्येष्ठ न्यायाधीश असतात. मालवणच्या माणसाने मालवणच्या न्यायालयात जाऊन "विधी सेवा समितीकडे अर्ज द्यायचा आहे" एवढं विचारलं तरी पुरतं. जिल्ह्याचं प्राधिकरण ओरोसला, सिंधुदुर्गनगरीत जिल्हा न्यायालयाशी जोडलेलं आहे. त्याचे अध्यक्ष प्रमुख जिल्हा न्यायाधीश असतात, आणि रोजचं काम बघणारे सचिवही न्यायिक अधिकारीच असतात.

आता पायऱ्या बघा.

१. साध्या कागदावर अर्ज लिहा. नाव, पत्ता, तक्रार काय आहे आणि तुम्ही कलम १२ च्या कोणत्या गटात बसता, एवढं हवं. मराठीत लिहिलं तरी चालतं. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथले कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक लिहून घेतात.

२. सोबत असतील ती कागदपत्रं जोडा: नोटीस, समन्स, सातबारा, पोलीस तक्रारीची प्रत. उत्पन्नाच्या गटातून अर्ज करत असाल, तर उत्पन्नाबाबतचं तुमचं प्रतिज्ञापत्र साधारणपणे पुरेसं मानलं जातं.

३. नालसाच्या २०१० च्या नियमांनुसार अर्जावर शक्यतो त्याच दिवशी, आणि जास्तीत जास्त सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. प्रकरणात प्रथमदर्शनी काही तथ्य आहे का, एवढं बघितलं जातं. नकार मिळाला तर अध्यक्षांकडे अपील करता येतं.

४. वकील नेमल्याचं पत्र घ्या आणि जपून ठेवा. त्यावर वकिलाचं नाव असतं.

घरातून निघता येत नसेल, तर नालसाच्या १५१०० या टोल-फ्री हेल्पलाइनवर फोन करता येतो. नालसाच्या संकेतस्थळावरूनही अर्ज जातो. तुरुंगातला कैदी तुरुंगातूनच अर्ज देऊ शकतो.

मोफत म्हणजे काय काय? वकिलाची फी, कोर्ट फी, नोटिशीचा खर्च, टायपिंग, भाषांतर, निकालाच्या नकला, साक्षीदारांचा खर्च. म्हणजे "वकील फुकट, बाकी तुमचं तुम्ही बघा" असा हा प्रकार नाही.

खटला न लढताही सुटका

प्रत्येक भांडणाला दावा लागत नाही. लोकअदालत ही याच कायद्याची दुसरी बाजू. मोटार अपघाताची भरपाई, बँकेची थकबाकी, धनादेश न वटणं, वीजबिलाचे वाद, तडजोड होण्यासारखे कौटुंबिक वाद तिथे मिटवता येतात. केस दाखल होण्याआधीही वाद तिथे नेता येतो. दोघांनी तडजोड मान्य केली, की तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद येते आणि आधी भरलेली कोर्ट फी परत मिळते.

पण एक काळजी घ्या. लोकअदालतीच्या निवाड्यावर नेहमीचं अपील नसतं. तिथे होकार दिला की विषय संपला. त्यामुळे "आज मिटवून टाका" असा आग्रह झाला तरी रक्कम किती, मुदत काय, कोणता हक्क सोडतोय, हे वाचून मगच सही करा. मान्य नसेल तर नाही म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. तुमची केस आहे तिथेच पुढे चालते.

कोल्हापूरमुळे काय बदललं?

तालुका आणि जिल्हा कोर्टापर्यंत माणूस कसाबसा पोहोचतो. उच्च न्यायालय म्हटलं की मुंबई, म्हणजे मालवणहून पाचशे किलोमीटरच्या आसपास. वकील मोफत मिळाला तरी रेल्वेचं भाडं, राहणं, बुडालेली मजुरी कोण देणार? जिल्हा न्यायालयात हरलेली अनेक गरीब माणसं तिथेच थांबायची ती यामुळे.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आले. करूळ, फोंडा किंवा आंबोलीचा घाट चढून सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल इतक्या अंतरावर आता उच्च न्यायालय आहे. मोफत वकिलाचा हक्क अपिलातही कायम राहतो. हे १९७८ मध्ये महाराष्ट्रातल्याच होसकोट प्रकरणात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी स्पष्ट केलं होतं.

मग अडतं कुठे?

कागदावर इतकं सगळं असताना लोक का येत नाहीत?

पहिलं कारण, अविश्वास. "फुकटचो वकील काय लढतलो?" ही शंका मालवणीत अगदी उघडपणे बोलली जाते, आणि ती पूर्णपणे निराधारही नाही. पॅनेलवरच्या वकिलाचं मानधन खासगी फीच्या मानाने कमी असतं. काही वकील मन लावून काम करतात, काहींच्या हातात ती फाईल नुसती पडून राहते. सर्वोच्च न्यायालयानेही ही दुखरी जागा ओळखली आहे. डिसेंबर २०१९ मध्ये अनोखीलाल खटल्यात आरोपीला मोफत वकील दिला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले होते आणि पुढे काही दिवसांत फाशी सुनावली गेली. न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितला. फाशी किंवा जन्मठेपेची शक्यता असलेल्या खटल्यात किमान दहा वर्षं वकिली केलेलाच वकील द्यावा आणि त्याला तयारीसाठी साधारणपणे किमान सात दिवस द्यावेत, असंही ठरवून दिलं. नावापुरता वकील म्हणजे वकील नव्हे, हा त्याचा सरळ अर्थ.

म्हणून मोफत वकील मिळालेल्या माणसाने संकोच करू नये. केस कुठवर आली हे विचारा. तारखा लिहून ठेवा. वकील तारखेला येत नसेल, फोन उचलत नसेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करून वकील बदलून मागता येतो. "वरचा खर्च" म्हणून पैसे मागितले तर देऊ नका, तेही कळवा. असे पैसे घेणाऱ्याचं नाव पॅनेलवरून काढलं जाऊ शकतं आणि बार कौन्सिलकडेही तक्रार होऊ शकते.

दुसरं कारण, गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. वकील, समोरची पार्टी आणि पोलीस पाटील एकाच वाडीतले असू शकतात. तालुक्यातला वकील नको वाटत असेल, तर जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करून तशी विनंती करता येते.

तिसरं कारण सगळ्यात मोठं: माहितीच पोहोचत नाही. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुहास चकमा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावरच बोट ठेवलं. पोलीस ठाणी, पोस्ट, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन अशा गर्दीच्या जागी स्थानिक भाषेत मोफत वकिलाचे फलक लावा, असं सांगितलं. पुढच्या वेळी एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत उभे असाल, तर तो फलक दिसतो का बघा. दिसला नाही तर जिल्हा प्राधिकरणाला कळवायला हरकत नाही.

आणि हे सगळं लक्षात राहणार नसेल, तर तीनच गोष्टी ध्यानात ठेवा. बाई असाल तर उत्पन्नाचा दाखला न देता वकील मिळतो. कुणाला अटक झाली, तर पहिल्याच दिवशी दंडाधिकाऱ्यासमोर वकील मागता येतो. आणि जमिनीच्या कोणत्याही कागदावर सही करण्याआधी १५१०० वर फोन करता येतो. सही उद्याही करता येते. केलेली सही पुसायची म्हटलं, तर मात्र कोर्टाची पायरी चढावीच लागते.